सोनूबाईची बोलकी पेटी

हरिश्चंद्राच्या बायकोचा आवाज गेला, तेव्हा अंगणात सुपाऱ्या वाळत पडल्या होत्या. सोनूबाईच्या गळ्यात गाठ होती, ती काढायला तिला चिपळूणला नेलं होतं. डॉक्टरांनी काही लपवून ठेवलं नव्हतं. गाठ आवाजाच्या शिरेला बिलगून बसली आहे, ती निघेल, पण शीर शाबूत राहीलच असं छातीठोक सांगता येणार नाही, असं त्यांनी आधीच समजावलं होतं. सोनूबाईनं मान डोलावली होती. गाठ निघाली, तपासणीत साधी ठरली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. गुंगी उतरल्यावर सोनूबाईनं पाणी मागायला तोंड उघडलं, तर आली ती नुसती हवा.

घशात आवाजाचे दोन पडदे असतात, त्यांतला एक निपचित पडला होता. दुसरा एकटा किती झटणार? डॉक्टरांनी व्यायाम शिकवले, धीर दिला, सुधारेल पण वेळ लागेल म्हणाले. सोनूबाई घरी आली ती गळ्याला पांढरी पट्टी आणि तोंडात कुजबूज घेऊन.

वेळणेश्वरला समुद्राच्या अंगाला, माडापोफळींच्या आगरात त्यांचं घर. सोनूबाई लग्न होऊन तिथं आली तेव्हापासून तिचा आवाज साऱ्या वाडीच्या ओळखीचा झाला होता. मागच्या दारातून तिनं हाक घातली की ती दोन आगरं ओलांडून थेट पुळणीवर पोचायची आणि वाळूत खेळणारी पोरं, तिची असोत की दुसऱ्याची, कपडे झटकून घराकडे निघायची. गौरीच्या दिवसांत फुगडीचं गाणं तीच उचलायची, बाकीच्या बायका मागून. भांडायला उभी राहिली, तर समोरच्याला आपली बाजू दुसऱ्या दिवशी येऊन मांडावी लागे. हरिश्चंद्राला ह्या आवाजाचा कधी अभिमान वाटे, कधी चारचौघांत संकोच वाटे. पण तो एक दिवस नसेल, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

त्याचं स्वतःचं निम्मं आयुष्य जहाजावर गेलं होतं. मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये तो ऑइलमन होता. एकदा बोटीवर चढला की वर्ष सरत आल्यावर घराची कौलं दिसायची. एखाद्या बंदरावरून फोन लागला तर लागला, म्हणून सोनूबाई कॅसेट भरून पाठवायची. वाडीतल्या कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणायची, पुढ्यात ठेवायची आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत बोलत सुटायची. गाय व्याली, कौलं चाळून झाली, दर्शनला कांजिण्या आल्या. हरिश्चंद्र पाळी संपवून केबिनमध्ये यायचा आणि त्याच्या छोट्या टेपवर ते सगळं ऐकायचा. इंजिनाची घरघर पत्र्याच्या भिंतींतून सारखी येत असायची, तरी बायकोचा आवाज तिच्या वरताण.

त्याच घरघरीनं पुढं त्याचे कान नेले. तो बहिरा नव्हता. ढोल, ट्रक, माणसाचं मोकळं बोलणं, सगळं त्याला ऐकू यायचं. गेले होते ते बारीक सूर. चिमण्यांची चिवचिव गेली, मोबाइलची नाजूक घंटी गेली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून यंत्र दिलं होतं, पण ते घातलं की ताटांचा खणखणाट आणि माडांतला वारा एवढंच अंगावर येई. म्हणून त्यानं ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. गरज तरी कुठं होती? सोनूबाईला ऐकायला कुणाला यंत्र लागलं नव्हतं.

आता लागलं असतं. कुजबूज म्हणजे सगळा बारीक सूरच, आणि हरिश्चंद्राच्या कानानं नेमका तोच सोडला होता. त्यानं कपाटातलं यंत्र काढून घालून बघितलं, तर त्यातून आली ती नुसती खरखर. सोनूबाई काही बोलायची, हरिश्चंद्र म्हणायचा, "काय म्हणत्येस?" ती पुन्हा सांगायची, तो पुन्हा विचारायचा. तिसऱ्या खेपेला तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसायच्या आणि तरी त्याच्यापर्यंत पोचायचा तो फक्त श्वास. मग ती हातानं खुणा करायची. पुढं पुढं जेवायला बोलवायचं झालं तर ती वाटी ताटावर वाजवायची. मग कधीतरी तीही वाजायची थांबली, कारण जेवणाची वेळ दोघांनाही ठाऊक होती.

हरिश्चंद्राला वाटलं, तिला आवाज गेल्याचं दुःख खातंय, तिला गप्प राहायचंय. मग तोही बोलायचा थांबला. ती बोलू शकत नसताना आपण बडबड करणं त्याला बरं दिसेना. अशी दोघंही एकमेकांना जपत गप्प बसली, आणि घर इतकं शांत झालं की चालताना दिसायचा तो भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा.

एके दिवशी तो बावीवर विहिरीचा पंप लावायला गेला होता. परतताना दगडी गडग्यापलीकडे त्याचं लक्ष गेलं. शेजारची सून सानिका ओट्यावर बसून कोकमाची फळं फोडत होती आणि तिच्या खांद्याला खांदा लावून सोनूबाई बसली होती. सोनूबाईचे ओठ एकसारखे हलत होते. हातवारे चालले होते, भुवया उडत होत्या, जुनी सोनूबाई जशी एखाद्याची नक्कल करायची तशी. सानिका हसता हसता बिया सालांच्या टोपलीत टाकत होती.

हरिश्चंद्र गडग्याआड उभाच राहिला. बायको बोलत होती. फक्त त्याच्याशी बोलत नव्हती.

संध्याकाळी सानिका दूध द्यायला आली, तेव्हा त्यानं तिला अंगणातच गाठून विचारलं. सानिका अंगणवाडीत शिकवते, तिला लपवाछपवी जमत नाही.

"बोलतात की काका. सगळं बोलतात. जवळ बसलं की येतं ऐकू," ती म्हणाली आणि जरा चपापली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही तीनदा काय काय विचारता, आणि मग तुमचं तोंड उतरतं. ते बघवत नाही म्हणतात त्या."

हरिश्चंद्र दूध घेऊन आत आला. जहाजावर असताना हजारो मैलांवरून तिचा आवाज त्याच्यापर्यंत यायचा. आता मध्ये एक चौरंग आणि दोन पाट, तेवढंही तो ओलांडत नव्हता.

मुलाला, दर्शनला, त्यानं विरारला फोन केला. दर्शननं लगेच एक तयार यंत्र मागवून पाठवलं. शाळेतल्या बाई वापरतात तसलं, कमरेला स्पीकरचा डबा, तोंडापुढं माइकची काडी. सोनूबाईनं हौसेनं लावलं. सानिकाला वाटेवर उभं राहून ऐकू आलं, ती टाळ्या वाजवत आत आली. हरिश्चंद्र मात्र समोर बसून नुसता बघत राहिला. त्याला ऐकू येत होता वारा. आधी लहान वारा होता, आता मोठा झाला, एवढाच फरक. स्पीकरचा आवाज चढवला तर कर्कश शिट्टी वाजायला लागली. सोनूबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, काडी कानामागून काढली आणि यंत्र नीट घडी घालून त्याच्या खोक्यात ठेवून दिलं.

हरिश्चंद्राला अशा कामांचा थोडा हात होता. बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली राहून तो सोल्डर मारायला शिकला होता. घरी परतल्यावर वाडीतले रेडिओ, मिक्सर, देवळातल्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर, हे सगळं त्याच्या पडवीत येऊन पडायचं. काही दुरुस्त व्हायचं, काही तसंच परत जायचं. पण तिचं बोलणं आपल्या कानाला ऐकू येईल असं काही करायचं तर आपणच करायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. तो एस्टीनं शृंगारतळीला गेला. तिथं दीपकचं मांडव आणि साउंड सिस्टिमचं दुकान आहे, मागच्या बाजूला सुटे भाग मिळतात. हरिश्चंद्रानं एक छोटा माइक, आवाज वाढवणारी आठ पायांची अँप्लिफायरची आयसी आणि किरकोळ सामान घेतलं. दीपकनं काय बनवताय म्हणून विचारलं, तर रेडिओ आहे म्हणाला. खरं सांगायची त्याला लाज वाटली.

पडवीत त्याचं काम सुरू झालं. पहिला प्रयत्न दर्शनच्या यंत्रासारखाच निघाला, वारा आणि शिट्टी. मग त्याच्या डोक्यात आलं की तिच्या आवाजातला कुठला भाग आपल्या कानाला लागतो ते तरी बघावं. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यानं जहाजावरचा टेप काढला, त्याच्याबरोबर कॅसेटची पिशवी काढली. आता हे कारण खरं, पण सगळं नव्हे. त्याला तो आवाज ऐकायचा होता.

फीत जरा अडखळली आणि सुरू झाली. तरणी सोनूबाई पडवीत बोलायला लागली. कुणाच्या तरी बैलानं आगरात शिरून केळी खाल्ल्या होत्या, त्याचा ती उद्धार करत होती. हरिश्चंद्र डोळे मिटून ऐकत होता. शब्दन् शब्द कळत होता. तिचा आवाज भरीव होता, खालच्या सुरातला होता, म्हणून तर तो इंजिनाच्या घरघरीतही बुडत नव्हता. त्यानं डोळे उघडले, तर सोनूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात पीठ लागलेलं. ती स्वतःचा आवाज ऐकत होती. हरिश्चंद्र हसला, तिला ये म्हणून खूण केली. ती वळली आणि मागच्या दारानं निघून गेली.

तो टेप बंद करून मागोमाग गेला. ती पाणंदीतून पार खाली गेली होती, पुळणीच्या टोकाला सुरूच्या झाडाखाली पाठमोरी बसली होती. जवळ जायचं धाडस त्याला झालं नाही. गेलो तर ती काहीतरी बोलेल आणि आपल्याला ते कळणार नाही, ह्या भीतीनं तो तसाच परत आला. भाकरीचं पीठ परातीत सुकून गेलं होतं. त्यानं दोघांसाठी पेज टाकली.

त्यानंतर त्यानं पडवीतलं काम थांबवलं. टेप पुन्हा म्हणून लावायचा नाही असं ठरवलं, आणि ठरवलेलं मोडू नये म्हणून तो उघडून त्यातला स्पीकर सोडवून ठेवला. कॅसेटची पिशवी मात्र परत फळीवर गेली. काही दिवस असेच गेले. सोनूबाई रागावलेली दिसत नव्हती. चहा वेळेवर येत होता, कपडे घडी होऊन पडत होते. पण ती त्याच्याकडे बघायची टाळत होती.

मग एका दुपारी ती आपण होऊन पडवीत आली. हरिश्चंद्र सानिकाचा मिक्सर उघडून बसला होता. ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि त्याची बोटं धरून आपल्या गळ्यावर ठेवली, व्रणाच्या जरा वरती. मग ती काहीतरी बोलली.

हरिश्चंद्राला काही ऐकू आलं नाही. पण बोटांखाली काहीतरी हललं. थरथर होती. अगदी बारकी, मुठीत धरलेल्या पाखरासारखी, थांबत, पुन्हा लागत. इंजिनाचा ज्या माणसानं जन्मभर हात लावून ठाव घेतला, त्याला ती थरथर काय आहे हे सांगावं लागलं नाही. आवाज तोंडापर्यंत येईतो हवा होत होता. पण गळ्यात तो होता. एकटा राहिलेला पडदा काम करत होता.

ती बोलत राहिली आणि तो बोटं तशीच धरून बसला. तिला ते कसं सुचलं, हे त्याला नंतर कळलं. चिपळूणला व्यायाम शिकवणाऱ्या बाई तिच्या गळ्याला असाच हात लावून बघायच्या आणि आवाज आहे, आवाज आहे, असं म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शृंगारतळीला गेला. ह्या खेपेला त्यानं दीपकला सगळं सांगितलं. दीपक अर्धी दुपार त्याच्याबरोबर बसला. शेवटी त्यानं एका बिघडलेल्या बझरमधून पितळेची पातळ चकती काढून दिली. ही चकती हवेतला आवाज फारसा घेत नाही, ज्याला चिकटवाल त्याची थरथर तेवढी घेते, असं त्यानं सांगितलं. म्हणजे वारा गाळला जाईल आणि शिट्टीही वाजणार नाही.

सांगायला सोपं होतं. हरिश्चंद्रानं चकती जुन्या गळपट्ट्याच्या आत शिवली, तार अँप्लिफायरला जोडली आणि पट्टा आधी स्वतःच्या गळ्यात बांधला. स्पीकरमधून आलं ते पत्र्याच्या डब्यात मुंगळा फिरावा तसं काहीतरी. त्याचा स्वतःचा धडधाकट आवाज असा, तर तिचा कसा निघणार? दीपकला फोन लावला. दीपक म्हणाला, चकतीकडून निघतो तो आवाज इतका अशक्त असतो की अँप्लिफायरच त्याला पिऊन टाकतो, आणि आधी पितो ते खालचे सूर. मध्ये एक असा ट्रान्झिस्टर हवा, जो चकतीकडून काही मागत नाही, नुसता तिचं म्हणणं पुढं नेतो. हरिश्चंद्रानं तो मागवून लावला. आवाजात एकदम भरीवपणा आला, पण त्याच्याबरोबर विजेची घूं घूं आली. ती घालवायला त्यानं साधी तार काढून जाळी गुंडाळलेली तार टाकली आणि सगळं बॅटरीवर नेलं. घूं घूं गेली. मग राहिला स्पीकर. टेपमधला काढलेला स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर पोकळ वाजायचा, म्हणून आंब्याच्या पेटीच्या फळ्या कापून त्यानं वीतभर खोकं केलं आणि स्पीकर त्यात बसवला. पुढच्या बाजूला जाळी नव्हती, म्हणून सोनूबाईच्या जुन्या पातळाचा तुकडा ताणून लावला.

हे सगळं चाललेलं सोनूबाई येता जाता बघत होती. आता ती पडवीत थांबायची. कधी तार धरायची, कधी नुसतीच बसायची. तिचं विचारणं आणि त्याचं न कळणं दोघांनीही मध्ये येऊ दिलं नाही.

पेटी पुरी झाली तेव्हा सकाळची उन्हं पडवीत आली होती. हरिश्चंद्रानं पट्टा तिच्या गळ्यात बांधला. घट्ट होत नाही ना, हे दोनदा विचारलं. तिनं मान हलवली. त्यानं बटण दाबलं आणि पेटी दोघांच्या मध्ये ठेवून तो समोर बसला. सोनूबाईनं पदर सारखा केला. परक्या माणसाशी बोलायचं असावं तशी ती अवघडली होती.

"अवो," ती म्हणाली.

"काय?" हरिश्चंद्र म्हणाला.

तो इतक्या सहज म्हणाला की क्षणभर दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लग्न झाल्यापासून तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती, तिच्या तोंडी ते एकच संबोधन होतं. त्यात जिभेचं, दातांचं काही काम नाही. सगळा शब्द गळ्यातच घडतो, म्हणून तो चकतीनं जसाच्या तसा उचलला आणि पेटीतून धडपणे बाहेर आला, जाडसर, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा, पण शब्द होता.

हरिश्चंद्राचा चेहरा बदललेला तिनं पाहिला. ती हसायला लागली. हसू पेटीतून हुम् हुम् असं यायला लागलं, ते ऐकून ती आणखी हसली, आणि हरिश्चंद्र हसता हसता डोळे पुसायला लागला.

"आणखी बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीपण बोल."

मग ती बोलली. सगळं कळत होतं असं नाही. स, श, फ, च ही अक्षरं गळ्यात उमटत नाहीत, ती पेटीत येतच नव्हती. पण हरिश्चंद्र तिच्या तोंडाकडे बघत होता. अर्धं कानानं घ्यायचं, अर्धं ओठांवरून, आणि उरलेलं इतक्या वर्षांच्या संसारावरून. पहिली गोष्ट तिनं विचारली ती ही, की टेप कशाला मोडलाव. तो चांगला होता. दर्शनच्या लेकीला त्यावर आजीचा आवाज ऐकवायचा होता.

हरिश्चंद्र म्हणाला, "तुला त्रास झाला ना त्या दिवशी. मला वाटलं, रागावलीस."

सोनूबाईनं गळ्यावरचा पट्टा सारखा केला.

"रागावले नाय," ती म्हणाली. "घाबरले. तुमी डोळे मिटून ऐकत होताव. मला वाटलं, तुमाला तीच हवी. ती आता कुठून आणू?"

हरिश्चंद्रानं मान खाली घातली. पुष्कळ काही मनात आलं, पण जन्मभर बोलण्याचं काम तिनं केलेलं आणि ऐकण्याचं त्यानं, त्यामुळं त्याच्याकडे शब्द कमी. तो एवढंच म्हणाला, "हवीस तू. हीच. मला नुसतं ऐकू येईना, म्हणून चाललं होतं सगळं."

"मग कानातलं यंत्र घाला की," सोनूबाई म्हणाली. "मी गळ्यात पट्टा बांधून बसले. तुमी काय नुसते पेट्या करत बसणार?"

त्याच आठवड्यात दोघं चिपळूणला गेली. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र तपासलं, त्याच्या आजच्या कानाला जुळवून दिलं, रोज थोडा थोडा वेळ घालून सवय करायला सांगितली. वाऱ्याचा आणि ताटांचा त्रास होईल, पण मन लावून घातलंत तर मेंदू ते बाजूला सारायला शिकतो, असंही ते म्हणाले. हरिश्चंद्र आता ते घालतो. सकाळी कुरकुर करत घालतो, पण घालतो. आणि पेटी असली की सोनूबाईची ती हरवलेली अक्षरंही त्याला अधूनमधून पकडता येतात.

सोनूबाईचा मूळ आवाज काही परत आला नाही. व्यायामानं थोडा फरक पडला, आता शांत खोलीत तीन हातांवरून तिचं बोलणं ऐकू येतं. पेटी ती सगळीकडे नेत नाही. लग्नकार्यात पट्टा बांधून जायला तिला आवडत नाही, तिथं तिच्या बाजूला सानिका असते. गौरी आल्या तेव्हा वाडीतल्या बायका बोलवायला आल्या, पेटी घेऊन ये आणि गाणं उचल म्हणाल्या. तिनं नको म्हटलं. गाणं ह्या आवाजात बसणार नाही, तुम्ही उचला, शब्द चुकलात तर मी आहे, असं तिनं सांगितलं. त्या रात्री ती फुगडी घालून दमून आली आणि शब्द कुठं कुठं चुकले ते हरिश्चंद्राला पेटीतून सविस्तर सांगितलं.

भांडणंही पुन्हा सुरू झाली. पावसाळा विरारला लेकाकडे काढायचा की आगरातच, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. हरिश्चंद्राचा मुद्दा वरचढ व्हायला लागला, तसं सोनूबाईनं पेटीचं बटण बंद केलं आणि हाताची घडी घालून बसली. तो दोन तास मागं लागला होता. शेवटी ती म्हणेल तसं, म्हणजे आगरातच, असं ठरलं. सानिका अजून ती गोष्ट ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

दिवेलागणीनंतर जेवणं उरकली की दोघं पडवीत बसतात. पेटी मध्ये असते. सोनूबाई त्याला तो बोटीवर असतानाची वर्षं सांगते. कॅसेटवर तिनं सगळं कुठं सांगितलं होतं? लांब समुद्रात असलेल्या माणसाला काळजी लागू नये म्हणून कितीतरी गोष्टी तिनं गाळल्या होत्या. वादळात घराची मागची बाजू बसली, तेव्हा ती दर्शनला घेऊन गोठ्यात राहिली होती. सासरे अंथरुणाला खिळले, तेव्हा शेवटच्या दिवसांत ते तिला मुलगा समजून हाक मारायचे आणि ती ओ द्यायची. हरिश्चंद्राला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो पेटीकडे झुकून ऐकतो, मध्ये मध्ये थांबवून विचारतो, आणि आता तिला पुन्हा सांगायचा कंटाळा येत नाही.

परवा ती दर्शनच्या तापाचं सांगत होती. कांजिण्या आल्या हे तिनं कॅसेटवर कळवलं होतं, पण त्याआधी तो एवढा तापला होता की रस्ता पाण्याखाली गेलेला असताना तिनं त्याला पाठीशी बांधलं आणि खाडीकडच्या वाटेनं डॉक्टरकडे चालत निघाली. कमरेइतकं पाणी होतं. पलीकडून कुणीतरी कंदील हलवला. इथवर आली आणि पेटीतला आवाज खोल जायला लागला. बॅटरी उतरली होती.

"थांब," हरिश्चंद्र म्हणाला. तो उठला, आत जाऊन दुसरी बॅटरी घेऊन आला आणि चष्मा लावून पेटीचं मागचं झाकण उघडायला बसला. सोनूबाई भिंतीला टेकून थांबली. त्यानं बॅटरी बसवली, बटण दाबलं आणि पेटी तिच्याकडे सरकवली.

"हां. कंदील कुणाचा होता?"